लोगोसाठी सॉफ्टवेअर निवडताना आधी फ्लेक्सवाल्याला विचारा

डिझाइन शिकायला निघालेली बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोरल शिकू, इलस्ट्रेटर शिकू, की मोबाइलवर कॅनव्हातच भागेल? मी त्यांना उलट विचारतो, तुमचा लोगो पुढे छापणार कोण?

आपल्या भागात बहुतेक छपाईवाले, फ्लेक्सवाले, रेडियम कापणारे कोरलड्रॉवर काम करतात. 1989 पासूनचं हे सॉफ्टवेअर प्रेसमध्ये मुरलेलं आहे. त्यामुळे इथेच धंदा करायचा असेल तर कोरल आधी शिका. फक्त समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे हे विचारून घ्या, कारण नव्या आवृत्तीतली फाइल जुन्यात उघडत नाही. सेव्ह करतानाच जुनी आवृत्ती निवडता येते. पुण्या-बेंगळुरूच्या एजन्सीत नोकरी हवी असेल तर इलस्ट्रेटर आलंच पाहिजे. फोटोशॉपमध्ये मात्र लोगो करू नका. ते फोटोंसाठी आहे. लोगो रेषांचा, म्हणजे व्हेक्टर हवा; तो कितीही मोठा केला तरी फाटत नाही. व्हिजिटिंग कार्डावरचाच लोगो उद्या दुकानाच्या बोर्डावर जाणार असतो.

पैसे नसतील तर इंकस्केप. 2003 पासून फुकट मिळतं आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतं. छपाईच्या सीएमवायके रंगांची सोय त्यात कच्ची आहे, म्हणून एक नमुना छापून रंग बघून घ्यावा. पण नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, ओढून वळण घडवण्याचा हात त्यात छान बसतो, आणि तो हात कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कामी येतो. कॅनव्हा पोस्टसाठी उत्तम. त्यातलं तयार टेम्प्लेट मात्र शेकडो जण वापरतात आणि त्यावरून केलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला कॅनव्हाचे नियम परवानगी देत नाहीत. गिऱ्हाइकाला असला लोगो विकणं मला पटत नाही.

आता आपल्याकडची खरी कसोटी, लिपी. कर्नाटकात दुकानाच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, आणि गिऱ्हाइकाला खाली मराठी नि इंग्रजीही हवं असतं. त्यामुळे सॉफ्टवेअर निवडण्याआधी त्यात 'श्री', 'क्ष', 'दऱ्या' असे शब्द आणि कन्नडमधली अक्षराखाली लागणारी ओत्तक्षरं टाइप करून बघा. इलस्ट्रेटरमध्ये मात्रा-वेलांट्या भलतीकडे गेल्या तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा. श्रीलिपी किंवा (कन्नडच्या) नुडीच्या जुन्या, युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत नसलेल्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याकडे गेला आणि तिथे तो फॉन्ट नसला, की अक्षरांचा चिवडा होतो. म्हणून फाइल देताना अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांत, बदलायची: कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ओ, इंकस्केपमध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी.

इथे थांबू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती एकसंध दिसते, पण कटिंग मशीनचं पातं प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. ते टाळायला सगळी अक्षरं निवडून जोडून घ्यायची. कोरलमध्ये याला वेल्ड म्हणतात, इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये युनाइट, इंकस्केपमध्ये युनियन. मग वायरफ्रेम किंवा आउटलाइनमध्ये, म्हणजे रंग न दाखवता नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात, बघा: आत एकही आडवी-तिडवी रेघ उरता कामा नये. कन्नड अक्षरांतली बारीक पोकळी बुजली नाही ना, तेही तिथेच कळतं.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीसाठी (ओतकामाच्या कारखान्यासाठी) नाव कोरायचं असेल तर डीएक्सएफ (मशीनच्या ड्रॉइंगची फाइल) लागतं का, आणि कमीत कमी किती जाड रेघ चालते, हे ओतकामाचा नमुना बनवणाऱ्या पॅटर्नवाल्यालाच विचारा. बारीक रेघ ओतकामात नीट उठत नाही.

काम संपलं की गिऱ्हाइकाला तीन फाइली द्या: मूळ फाइल, कर्व्ह केलेली पीडीएफ आणि पारदर्शक पीएनजी. लोगोचा एकरंगी नमुनाही त्यातच ठेवा, बिलबुक आणि रबरी शिक्क्यासाठी तोच लागतो.