आई-बाबांच्या घरी इन्व्हर्टर बसवायचाय? मग दुकानात जायच्या आधी एवढी तयारी करा

पुण्यात लाईट जाते ती थोडाच वेळ असं आपण म्हणत राहतो, आणि मग मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, झाड पडतं नाहीतर रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, आणि संध्याकाळी सातला गेलेली लाईट मध्यरात्रीपर्यंत येत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद असते ते वेगळंच. तरुण माणसं मोबाईलच्या टॉर्चवर भागवून नेतात, पण सत्तरी ओलांडलेले आई-बाबा दोघंच राहत असतील, मुलं बंगलोरला नाहीतर परदेशात, तर तेवढ्या वेळात बाथरूमच्या उंबऱ्याला लागलेली एक ठेच पुरते. म्हणून हे खास अशा घरांसाठी लिहितेय, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की कुठल्या कंपनीचा घ्यायचा हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो, आधी अंधारात घरातलं माणूस कुठून कुठे जातं ते बघा.

तर पहिलं काम कागद-पेन घेऊन घरभर फिरायचं. रात्री बाबा उठतात, पलंगावरून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून बाथरूममध्ये, इन्व्हर्टरवर काय घ्यायचं त्या यादीत हाच रस्ता आधी लिहा. वायरमनला मोकळं सोडलं तर तो सवयीनं हॉलची ट्यूब, किचनची ट्यूब, बेडरूमचा पंखा घेतो आणि पॅसेज नि बाथरूमचा दिवा राहून जातो, आणि नेमकं तिथेच माणूस पडतं. दाराची बेल पण लिहा, लाईट गेली की बेल वाजत नाही आणि बाहेर शेजारच्या काकू ताटकळत उभ्या राहतात. इंटरकॉम असेल तर तो सोसायटीच्या जनरेटरवर आहे का ते वॉचमनला नाही, चेअरमनला विचारा, लिफ्टचंही तेव्हाच विचारून घ्या. काही सोसायट्यांमध्ये जनरेटरवरून प्रत्येक फ्लॅटला एखादा पॉईंट दिलेला असतो आणि राहणाऱ्यांना तो माहितीही नसतो. वायफायचा राऊटर घ्यायचाच, दहा-बारा वॅट खातो फक्त, पण काही बिल्डिंगमध्ये नेटवाल्याचा डबा पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर असतो आणि त्याला बॅकअप नसेल तर घरातला राऊटर नुसता लुकलुकत बसतो, नेट नाहीच, सो हे आधी नेटवाल्याला फोन करून कन्फर्म करा, मुलांचा व्हिडिओ कॉल त्यावरच येणार असतो.

आता आकडे. साधा सीलिंग फॅन ७५ वॅट, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास, एलईडी ट्यूब २०, बल्ब ९, ३२ इंची टीव्ही ५०-६०. दोन साधे पंखे, चार ट्यूब, टीव्ही आणि राऊटर एकदम चालू धरले तर ३०० वॅट होतात. १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १८०० वॅट-अवर, त्यातला पाचवा हिस्सा इन्व्हर्टरमध्येच जातो असं धरा, म्हणजे उरले १४४०, भागिले ३००, पावणेपाच तास. हे झालं कागदावर. बॅटरीवर जो १५० चा आकडा असतो तो वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतो, म्हणजे साडेसात अँपिअरनं, आणि आपण ३०० वॅटला, इन्व्हर्टरमधला तोटा धरून, तिच्यातून तीस अँपिअर खेचतो, म्हणून प्रत्यक्षात तीन-साडेतीन तास धरून चाला. आणि तेच दोन पंखे बीएलडीसी केले तर लोड २१० वर येतो आणि तेवढ्याच बॅटरीत तास-दीड तास सहज जास्त मिळतो. त्यामुळे दुकानदार मोठी बॅटरी घ्या म्हणाला तर आधी पंखे बदलायचा विचार करा, बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, पंखा राहतो, शिवाय रोजच्या बिलातही फरक पडतो.

फ्रिज, मिक्सर, गिझर, इस्त्री, एसी, पाण्याची मोटर यातलं काही इन्व्हर्टरवर नाही, हे घरच्यांना आत्ताच स्पष्ट सांगा. अर्ध्या एचपीची मोटर दिसायला छोटी, पण सुरू होताना तिच्या कितीतरी पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतलं चार तास तरी थंड राहतं, आणि घरात इन्सुलिन असेल, जे न उघडलेलं २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, तर एक बर्फाची थैली आणि छोटा थर्मास बॉक्स या यादीत टाका, त्यासाठी आख्खा फ्रिज इन्व्हर्टरवर घ्यायची गरज नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असलेलं घर मात्र वेगळं. पाच लिटरचं मशीन तीनशे-साडेतीनशे वॅट सतत खातं, तिथे दोन बॅटऱ्यांचा मोठा इन्व्हर्टर आणि शिवाय भरलेला सिलिंडर, दोन्ही हवं, बॅटरीच्या एकटीच्या भरवशावर श्वास ठेवू नका.

व्हीए, म्हणजे इन्व्हर्टरवर लिहिलेला व्होल्ट-अँपिअरचा आकडा, आणि वॅट, म्हणजे प्रत्यक्ष मिळणारी ताकद, यात गल्लत होते. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर साधारण ७०० ते ७५० वॅट देतो, आपल्या ३०० वॅटला तो भरपूर झाला. प्युअर साईनवेव्हच घ्या, म्हणजे घरच्या लाईटसारखाच करंट देणारा, स्क्वेअरवेव्ह स्वस्त पडतो पण पंखे घुं घुं करतात, गरम होतात, आणि ज्यांना आधीच झोप कमी त्यांच्या डोक्याशी रात्रभर तो आवाज कशाला. मागे यूपीएस मोडचं बटण असतं, घरात डेस्कटॉप असेल तर ते ऑन ठेवा म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट होत नाही, पण व्होल्टेज खालीवर होणाऱ्या भागात त्या मोडला इन्व्हर्टर उगाच सारखा बॅटरीवर जातो, तिथे साधा मोड बरा.

बॅटरी ट्यूब्युलर, म्हणजे ॲसिड-पाण्याची नेहमीची, की लिथियम यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. माझं मत सांगते. महिन्यातून एकदा वाकून पाणी बघणारं कोणी घरात असेल तर उंच ट्यूब्युलर उत्तम, स्वस्त, दुरुस्त करणारे गल्लोगल्ली. आणि घरात दोघंही गुडघे धरून चालणारे असतील, खाली बसता येत नसेल, मुलगा वर्षातून एकदा येणार असेल, तर जास्त पैसे घालून लिथियम घ्या. पाणी नाही, ॲसिड नाही, वजन कमी, तीन-चार तासांत चार्ज. फक्त त्यासाठी चार्जिंग लिथियमचं असलेला इन्व्हर्टर लागतो, जुन्या इन्व्हर्टरला नुसती लिथियम जोडून देतो असं कोणी म्हणालं तर इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत तसं लिहिलंय का ते दाखवा म्हणावं.

ट्यूब्युलर घेणार असाल तर जागेचा नीट विचार करा, कारण सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथेच होतं. १५० एएचची भरलेली बॅटरी पन्नास-साठ किलोची असते, एकदा ठेवली की कोणी हलवत नाही. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, हवेत ४ टक्के जमला तरी ठिणगीनं पेट घेतो, आणि तो हलका असल्यामुळे वर चढतो. आता आपल्याकडे फ्लॅटमध्ये देवघराखालचा कप्पा रिकामा असतो आणि बॅटरी तिथे चपखल बसते, वर निरांजन, उदबत्ती, खाली चार्ज होणारी बॅटरी. कृपा करून तिथे ठेवू नका. बेडरूममध्ये नको, दार लावलेल्या कपाटात नको, गॅस सिलिंडरशेजारी तर अजिबात नको. ड्राय बाल्कनी चांगली, पण पावसाची झड येत असेल तर तिथे आडोसा लागेल आणि वॉशिंग मशीनच्या पाण्यापासून लांब. खाली ट्रॉली हवीच, कोटा असो की मार्बल, ॲसिडचा एक थेंब कायमचा डाग पाडतो. सांडलंच तर खाण्याचा सोडा टाकायचा, मग पाणी, म्हणून सोड्याची पुडी जवळपास ठेवा.

वायरिंगला लायसनवाला इलेक्ट्रिशियनच बोलवा. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं इन्व्हर्टरची लाईन काढून ठेवलेली असते, पॅसेजमध्ये एखादी कोरी प्लेट दिसते तिच्यामागे वायर गुंडाळलेल्या असतात, पण ती लाईन कुठल्या कुठल्या पॉईंटला गेलीय हे प्रत्यक्ष तपासून घ्या. पेठेतल्या जुन्या वाड्यात किंवा कोथरूडच्या जुन्या बिल्डिंगमध्ये अजून किटकॅट फ्यूज असतात, अर्थिंग नावालाच असतं, तिथे आधी अर्थिंगचं काम, नंतर इन्व्हर्टर. इलेक्ट्रिशियननं फेज आणि अर्थिंगमध्ये व्होल्टमीटर लावला तर २३० च्या आसपास आलं पाहिजे. डीबीत (घरातल्या स्विच-फ्यूजच्या मुख्य पेटीत) आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर इन्व्हर्टरच्या लाईनचा न्यूट्रल (परतीची वायर) दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की तो सारखा ट्रिप होतो, आणि मग कंटाळून कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतं, हे कधीही होऊ देऊ नका, शॉकपासून वाचवणारी वस्तू आहे ती. आणि एक चिठ्ठी जाड अक्षरात लिहून डीबीवर चिकटवा, मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या बटणांत करंट असतो, काम करायच्या आधी दोन्ही बंद करा. बल्ब बदलायला स्टुलावर चढलेल्या माणसाला हे माहीत नसतं.

गच्चीवर सोलर बसवलंय त्यांना वाटतं आपल्याला इन्व्हर्टर कशाला, दिवसा लाईट गेली तर पॅनल आहेतच. नाही चालत. २०२४ पासून सूर्यघर योजनेत सबसिडी घेऊन लोकांनी बसवलंय ते बहुतेक ऑनग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेलं असतं, आणि लाईट गेली की ते मुद्दाम बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या घरातून शॉक बसेल. बॅकअप हवा तर सोलर आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी वेगळी लागते.

खरेदीला तपकीर गल्लीत जा नाहीतर घराजवळच्या डीलरकडे, मी म्हणेन बॅटरी घराजवळच्याच डीलरकडून, कारण नंतर आई फोन करणार तेव्हा तो येऊ शकला पाहिजे. बॅटरीच्या अंगावर बनवल्याची तारीख किंवा कोड असतो, तो दुकानदाराकडून वाचून घ्या, महिनोन्‌महिने गोडाऊनमध्ये पडलेली बॅटरी नको. वॉरंटी ३६ अधिक २४ अशी लिहिलेली असली तर पहिले ३६ महिने बदलून मिळते, पुढचे २४ महिने फक्त नवीन बॅटरीवर सूट, हे पाच वर्षांची वॉरंटी म्हणून सांगतात. कार्डावर सिरीयल नंबर, तारीख, शिक्का, तिथल्या तिथे, आणि त्याचा फोटो मुलांच्या व्हॉट्सॲपवर.

बसवल्यावर पहिल्यांदा पूर्ण चार्ज होऊ द्या, १५ अँपिअरनं दहा-बारा तास लागतात. मग एका संध्याकाळी मुद्दाम मेन बंद करा आणि आई-बाबांनाच घरात वावरू द्या, आपण नुसतं बघायचं. कुठल्या बटणाला हात जातो आणि दिवा लागत नाही ते लगेच कळतं, म्हणून इन्व्हर्टरवर चालणाऱ्या बटणांवर हिरवी टिकली चिकटवा, म्हणजे हिरवी टिकली असेल तेच चालू होणार. इन्व्हर्टर बीप करायला लागला तर काय करायचं हेही तेव्हाच शिकवा, टीव्ही आणि एक पंखा बंद, एवढंच.

पाणी डिस्टिल्डच, आरओचं नाही, बोअरचं तर नाहीच. तरंगणारा खुणेचा दांडा वरच्या खुणेपर्यंत येईल एवढंच, त्याच्यावर भरलं तर चार्ज होताना ॲसिड बाहेर येतं. उन्हाळ्यात दर महिन्याला बघा, एरवी दोन महिन्यांनी, तारीख कॅलेंडरवर सिलिंडर बुकिंगशेजारीच लिहा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड दिसली की इलेक्ट्रिशियनकडून साफ करून वर पेट्रोलियम जेली लावून घ्या. महावितरणकडे बाबांचाच मोबाईल नंबर नोंदवा, मुलाचा नको, लाईट बंद राहणार असल्याचे मेसेज त्यांच्याच हातात पडले पाहिजेत, आणि १९१२ हा तक्रारीचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. जुनी बॅटरी घरात असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, तो ॲसिड गटारात ओततो, २०२२ च्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी डीलरमार्फत परत जायला हवी, आणि ती दिली की नवीनच्या किमतीत पैसेही कमी होतात, ते बिलावर लिहून घ्या.