संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नसेल तर

२००३ किंवा २०१५ च्या सिंहस्थाचे, घरच्या लग्नामुंजीचे चित्रीकरण नाशिकमधील कित्येक घरांत अजूनही सीडी-डीव्हीडीवरच आहे, आणि ते पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायला बसावे तेव्हा ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हचे चिन्हच नसल्याचे ध्यानात येते. तेवढ्यावरून नवा ड्राइव्ह आणायला निघू नये. ड्राइव्हला वीज मिळते का, तो बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या संगणकातील मूळ प्रोग्रॅमला) दिसतो का आणि मग विंडोजला दिसतो का, हे याच क्रमाने तपासावे.

संगणक चालू असताना ड्राइव्हचे बटण दाबावे. ट्रे बाहेर आला तर वीज पोहोचते आहे. न आल्यास संगणक बंद करून भिंतीवरचा प्लग काढावा, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा उघडावा आणि अंगातील स्थिर विद्युत निघून जाण्यासाठी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावूनच आत काम करावे. साटा या प्रकारच्या जोडणीच्या ड्राइव्हला दोन केबल असतात: १५ संपर्कांची रुंद केबल विजेची, ७ संपर्कांची अरुंद केबल डेटाची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत जुन्या जोडांवर थर साचतो आणि एवढ्यानेही पुष्कळदा काम होते.

ट्रे उघडतो, पण संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून उघडलेल्या बायोसच्या यादीत ड्राइव्हचे नाव नाही, अशा वेळी दोष बहुधा डेटा केबलमध्ये किंवा मदरबोर्डवरील (संगणकाच्या मुख्य पाटीवरील) पोर्टमध्ये असतो. अलीकडे संगणकात एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी वापरली जाणारी वेगवान डिस्क) बसवून घेतली असेल, तर ही शक्यता मी सर्वांत आधी तपासेन, कारण एसएसडीसाठी डीव्हीडीचीच केबल काढून वापरली जाते आणि ते मालकाला सांगायचे राहून जाते. शिवाय अनेक मदरबोर्डांवर एम.२ खाचेत (केबलशिवाय थेट मदरबोर्डवर एसएसडी बसवण्याच्या जागेत) एसएसडी बसली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. कोणता, ते मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. केबल दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी.

बायोसमध्ये नाव असेल, तर ड्राइव्ह शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधील जोडलेल्या उपकरणांच्या यादीत) त्यावर पिवळी खूण आणि कोड १९ किंवा ३९ दिसल्यास तेथून तो अनइन्स्टॉल करून संगणक रीस्टार्ट करावा. तरीही कोड कायम राहिला, तर डिस्क लिहिण्याच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) मागे ठेवलेल्या ‘अपरफिल्टर्स’ व ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदी काढाव्या लागतात. त्या सीडी-डीव्हीडी वर्गाच्याच आहेत याची खात्री करून आणि रजिस्ट्रीची प्रत आधी जपूनच हे करावे. त्यात हात घालण्याची सवय नसेल, तर जाणकाराला सोबत बसवावे. पिवळी खूण नाही आणि तरी चिन्ह दिसत नाही, तेव्हा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ड्राइव्हला अक्षर (‘ई:’सारखे) द्यावे.

केबल आणि पोर्ट दोन्ही बदलूनही बायोसमध्ये नाव उमटत नसेल, तरच ड्राइव्ह निकामी समजावा. चित्रीकरण उतरवण्यापुरता यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह पुरतो. जुन्या ड्राइव्हमध्ये डिस्क अडकली असेल, तर संगणक बंद करून ट्रेवरील बारीक छिद्रात सरळ केलेली पेपर क्लिप हलकेच दाबावी, म्हणजे ट्रे थोडा पुढे येतो आणि हाताने ओढता येतो.