केळीचा गोडवा: शेकडो तरंगलांबींतून कामाच्या निवडताना

रावेरच्या केळीचा ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचं माप) फळ न कापता एनआयआरने, म्हणजे जवळच्या अवरक्त प्रकाशाने, काढायचा होता. तरंगलांबी शेकडो, नमुने त्याहून कमी, आणि शेजारच्या तरंगलांबींचे रकाने जवळपास सारखेच. अशा वेळी साध्या रिग्रेशनला (मोजमापांवरून आकडा वर्तवणारं सूत्र) एकच एक उत्तर मिळत नाही. एसएनव्हीने (प्रत्येक नमुन्याची मोजमापं एकाच पट्टीवर आणण्याची रीत) प्रकाश विखुरण्याचा परिणाम कमी केला. मग पीएलएस (अनेक सारख्या रकान्यांतून मोजके घटक काढणारं रिग्रेशन) चालवून व्हीआयपी, म्हणजे तरंगलांबीच्या महत्त्वाचा गुण, १ च्या वर असलेल्या तरंगलांबीच ठेवल्या. १४५० नॅनोमीटरजवळ पाणी जोरात शोषतं, तिथे डोळे उघडे ठेवावेत.

खरा फरक पडला तो पडताळणीने. तरंगलांबींची निवड क्रॉस-व्हॅलिडेशनच्या (दर फेरीला काही नमुने बाजूला ठेवून मॉडेल तपासणं) प्रत्येक फेरीच्या आत केली आणि एका घडाच्या सगळ्या फण्या एकाच गटात ठेवल्या. एकाच घडातली केळी शिकवण्याच्या आणि तपासणीच्या अशा दोन्ही गटांत गेली की त्रुटी खोटीच कमी दिसते. आता नव्या बागेतल्या केळीवरही मॉडेल टिकतं.