रुपया घसरताना घरचा हिशेब : या चुका टाळा

डॉलरने नवा आकडा गाठल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात माझ्याकडे ठरावीक प्रश्न येऊ लागतात : सोने घ्यावे का, ठेवी मोडाव्यात का, घरात रोकड ठेवावी का. २०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पुढे गेला तेव्हा हे प्रश्न आले, २०२२ मध्ये त्याने ८० ओलांडले तेव्हा आले आणि २०२५ च्या डिसेंबरमध्ये ९० ओलांडले तेव्हाही आले. बँकेतील नोकरीत ठेवी आणि कर्जे हाताळण्यात उमेदीची वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर ओळखीच्या कुटुंबांचे कागद पाहून देतो, त्यामुळे कोणाचे कोठे अडते हे जवळून दिसते. रुपयाच्या घसरणीने एखादे घर थेट बुडालेले मी क्वचितच पाहिले आहे. घरे अडचणीत येतात ती ज्या दिवशी पैसे लागतात त्या दिवशी ते हाताशी नसल्यामुळे, आणि ते हाताशी नसतात कारण आधीच्या एखाद्या घाईत ते चुकीच्या जागी अडकवलेले असतात.

घाईचे कारणही खरे पाहता उरलेले नाही. ६ जून १९६६ रोजी सरकारने एका निर्णयात डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला आणि जुलै १९९१ मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन केले, तेव्हा सामान्य माणसाला विचार करायला उसंतच नव्हती. १९९३ पासून दर बाजारात ठरतो आणि रिझर्व्ह बँक त्यातील मोठे चढउतार सौम्य करण्याचा प्रयत्न करते. २०१३ ची घसरण तीव्र होती, तरीही ५५ च्या आसपासून ६८ पर्यंत जायला मे ते ऑगस्ट इतका काळ लागला. म्हणजे आपल्याला विचार करायला महिने मिळतात. लोक मात्र एका संध्याकाळीच सारे ठरवून मोकळे होतात.

डॉलरचा आकडा पाठ, पण घरची देणी माहीत नाहीत

आमच्या घरातले कोणी परदेशात नाही, तेव्हा आम्हाला डॉलरचे काय, असे पुष्कळ जण म्हणतात. आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक खनिज तेल आपण बाहेरून आणतो. खाद्यतेलही निम्म्याहून अधिक बाहेरचे असते : पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सूर्यफुलाचे रशिया आणि युक्रेनमधून, सोयाबीनचे अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून येते. तूर कमी पडली की ती म्यानमार आणि मोझांबिकमधून मागवली जाते. त्यामुळे रुपया घसरला की त्याचा भार फोडणीपासून एसटीच्या तिकिटापर्यंत हळूहळू पसरतो. माझी सवय अशी की वहीच्या एका पानावर पुढच्या बारा महिन्यांतली सर्व देणी तारखेसह लिहायची आणि दर बदलल्यास जी वाढू शकतील ती लाल शाईने लिहायची. यासाठी एखादे ॲप सुचवा, असे तरुण मंडळी सांगतात. मी सुचवत नाही, कारण हाताने लिहिताना विम्याचा हप्ता आणि शाळेची फी एकाच महिन्यात येते हे लक्षात राहते, आणि ॲपमध्ये भरलेली माहिती पुन्हा उघडून पाहणारा मला अद्याप भेटलेला नाही.

दोन टक्के जास्त व्याजासाठी सारी पुंजी एका ठिकाणी

ही चूक मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. महागाई वाढते, ठेवीवरच्या व्याजात महिन्याचा खर्च भागेनासा होतो आणि ज्यांचे घर त्या व्याजावरच चालते ते निवृत्त लोक जास्त व्याज देणारी जागा शोधू लागतात. आपल्याकडे ती जागा म्हणजे बहुतेक वेळा गावातली पतसंस्था. रोज दारात येऊन छोटी बचत गोळा करणारा पिग्मी एजंट ओळखीचा असतो, संचालक नात्यातले असतात आणि कार्यालयात चहा मिळतो.

एका तालुक्याच्या गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक आपल्या पावत्या घेऊन माझ्याकडे आले होते. भविष्य निर्वाह निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) मिळून आलेली जवळजवळ सगळी रक्कम त्यांनी एका पतसंस्थेत ठेवली होती. काही पावत्या त्यांच्या नावावर होत्या, काही पत्नीच्या आणि काही दोघांच्या. मुदतीही वेगवेगळ्या होत्या. “पैसे वाटून ठेवले आहेत,” असे ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. सर्व पावत्यांवर संस्थेचा शिक्का मात्र एकच होता. तोवर संस्थेने मोठ्या ठेवी परत देणे थांबवले होते आणि आठवड्याला दोन हजार रुपये हातावर ठेवले जात होते. त्याच सुमारास त्यांच्या पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाने आगाऊ रक्कम भरण्यास सांगितले. कागदोपत्री ज्या माणसाकडे बावीस लाख होते, त्याला आपली अर्धा एकर बागायत जमीन मिळेल त्या भावाने आठवड्याभरात विकावी लागली. शस्त्रक्रिया झाली, बाई चालू लागल्या. विकलेली जमीन परत आली नाही आणि ठेवीचे पैसे आजही थोडे थोडे येतात.

त्यांना मी विचारले होते की जास्त व्याजाने वर्षाला नेमके किती अधिक मिळत होते. दर दहा लाखांमागे सात टक्क्यांऐवजी नऊ टक्के म्हणजे वर्षाला वीस हजार रुपये, म्हणजे महिन्याला सतराशेच्या आत. एवढ्यासाठी दहाच्या दहा लाख धोक्यात घालायचे का, हा प्रश्न पावती फाडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारलाच पाहिजे.

पतसंस्था आणि बँक यांतला फरक ठेवीदारांना कोणी नीट सांगत नाही. राज्यातील पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाच्या देखरेखीखाली असतात आणि त्यांच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण मुळीच नसते. बहुराज्य पतसंस्थांचेही तसेच आहे. बँकेतील ठेवीला, मग ती बँक राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो वा नागरी सहकारी, ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासूनची आहे. त्यापूर्वी ती १ लाख होती. मुद्दल आणि व्याज दोन्ही तीत धरले जातात, आणि एकाच बँकेच्या चार शाखांत एकाच नावाने ठेवी असतील तर त्यांची बेरीज केली जाते, म्हणून शाखा बदलून काही साधत नाही. निर्बंध लागलेल्या बँकेच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद २०२१ मध्ये कायद्यात आली. त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांसाठी केवळ १,००० रुपये काढता येणार होते, हे मुंबई-ठाण्यातली माणसे विसरलेली नसतील.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात आणि कधीही मोडता येईल अशा छोट्या मुदत ठेवींत, तोही दोन वेगळ्या बँकांत. एका बँकेतली एका नावाची रक्कम व्याजासह ५ लाखांच्या आत. मोठी एक पावती करण्याऐवजी एकेक लाखाच्या पावत्या, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागते. पतसंस्थेत ठेवायचेच असेल तर जी रक्कम दोन वर्षे मिळाली नाही तरी चूल पेटती राहील, तेवढीच.

घाईने घेतलेले दागिने

रुपया घसरला की सोने वाढते हे बहुतेकदा खरे आहे, कारण सोन्याचा भाव जगात डॉलरमध्ये ठरतो आणि आपण ते आयात करतो. चूक सोने घेण्यात नसून ते कोणत्या रूपात घेतले यात असते. एक लाखाच्या सोन्याचा नक्षीदार हार घेतला, घडणावळ बारा टक्के लागली आणि वर जीएसटी आला की बिल एक लाख पंधरा हजारांच्या आसपास जाते. मोडीला नेल्यावर घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, घट धरली जाते आणि खड्यांचे वजन वजा होते. म्हणजे भाव पंधरा टक्क्यांहून अधिक वाढेपर्यंत आपण तोट्यातच असतो. लग्नासाठी किंवा हौसेसाठी दागिना घ्यावा, त्याला माझी हरकत नाही, पण त्याला बचत म्हणू नये. बचतीसाठी वळे किंवा नाणे घ्यावे आणि बिल जपून ठेवावे. दागिना घेतल्यास त्यावरचा सहा अक्षरांचा हॉलमार्क क्रमांक बिलाशी पडताळून पाहावा. खरेदी वर्षभरात तीन-चार वेळा विभागून करावी. अडचणीच्या वेळी सोने मोडण्याऐवजी बँकेचे सोनेतारण कर्ज पाहावे, पण परतफेड कोठून होणार हे आधी वहीत लिहून ठेवावे. परतफेडीचा विचार न करता घेतलेल्या कर्जापायी लिलावात गेलेली मंगळसूत्रे मी पाहिली आहेत.

हप्ता तोच राहिला म्हणून निश्चिंत राहणे

२०२१ मध्ये ७ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतलेल्या ३० लाखांच्या गृहकर्जाचा हप्ता सुमारे २३,२६० रुपये होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात महागाई आवरण्यासाठी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेण्यात आला आणि अनेकांचे कर्ज ९.५ टक्क्यांपर्यंत गेले. ३० लाखांवर या दराने महिन्याचे नुसते व्याजच २३,७५० रुपये होते. म्हणजे ज्यांचे मुद्दल फारसे फिटलेले नव्हते त्यांचा जुना हप्ता व्याजालाही पुरत नव्हता. बँकांनी बहुतेक ठिकाणी हप्ता न वाढवता मुदत वाढवली, आणि खात्यातून तीच रक्कम जात असल्यामुळे कर्जदारांना काही कळलेच नाही. निवृत्तीनंतरही पाच-सात वर्षे हप्ते चालू राहतील, हे विवरणपत्र मागवल्यावर उमगलेले लोक माझ्यासमोर गप्प बसून राहिले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत, हा पर्याय कर्जदाराला देण्यास बँकांना सांगितले. दर वर्षी एप्रिलमध्ये कर्जाचे विवरणपत्र मागवून उरलेले हप्ते मोजावेत, दर चढला तर झेपेल तेवढा हप्ता वाढवावा आणि दर उतरला तर हप्ता कमी करून न घेता मुदत घटवून घ्यावी. पुष्कळ जण याच्या नेमके उलट करतात.

फी डॉलरची, कर्ज रुपयांचे, आणि मध्ये काहीच नाही

मुलीला दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवणाऱ्या एका कुटुंबाने २०२१ मध्ये डॉलर ७४ रुपये धरून कर्ज मंजूर करून घेतले होते. वर्षाचा खर्च ३५,००० डॉलर, म्हणजे सुमारे २५ लाख ९० हजार रुपये. दुसऱ्या वर्षीचे पैसे भरायच्या वेळी डॉलर ८२ वर होता आणि तोच खर्च २८ लाख ७० हजारांवर गेला. मंजूर रक्कम संपत आली होती, म्हणून वडिलांनी फरकाचे पैसे क्रेडिट कार्डावरून आणि हातउसने घेऊन उभे केले, आणि ती उधारी फेडताना धाकट्या मुलाच्या प्रवेशाचे पैसे गेले. कर्जाचा अर्ज करतानाच चालू दरापेक्षा दहा टक्के चढा दर धरून रक्कम मागावी. मंजूर झालेली सगळी रक्कम उचलण्याचे बंधन नसते. हातातल्या बचतीतून जायचे पैसे रुपया पुन्हा सावरेल या आशेवर शेवटच्या दिवसापर्यंत धरून ठेवू नयेत, टप्प्याटप्प्याने पाठवावेत.

याच्या उलट बाजूची चूक रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात दिसते. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरशी ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की दुबईहून येणारे तेवढेच दिरहम इकडे अधिक रुपये होतात. त्या वाढीव रुपयांच्या बळावर मोठ्या हप्त्याचे कर्ज काढले जाते आणि तिकडची नोकरी गेली की हप्ता इथेच राहतो. वाढीव रक्कम वेगळ्या ठेवीत टाकावी. हेही ध्यानात ठेवावे की एनआरई ठेव, म्हणजे अनिवासी भारतीयाने परदेशातली कमाई इथे ठेवलेली ठेव, रुपयांत असते, म्हणून रुपया घसरल्याचा तोटा ठेवीदाराचा. मुलांच्या परदेशी शिक्षणासाठीचे पैसे एफसीएनआर या अनिवासी भारतीयांच्या दुसऱ्या प्रकारच्या ठेवीत परकीय चलनातच राहतात.

आणखी काही

घरात मोठी रोकड ठेवू नये. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र सर्वांना आठवत असेल. पंधरा दिवसांचा खर्च पुरेसा आहे.

तेलाचे डबे साठवू नयेत. ते खवट होतात.

आरोग्य विम्याचा हप्ता काटकसर म्हणून थांबवू नये. खर्चात कपात करायचीच असेल तर ती सर्वांत शेवटी तेथे करावी.

रुपया घसरत आहे म्हणून मोबाइलवरच्या ॲपवर डॉलरचे सौदे करून पैसे कमावण्याची घाई विशी-पंचविशीतल्या मुलांना फार होते आणि ही घाई मला मनापासून भीतीदायक वाटते. ज्याने कधी मुदत ठेवीचे व्याज स्वतः मोजलेले नाही तो दहापट उसन्या रकमेवर चलनाचा सौदा करतो, आणि टेलिग्रामवरचा कोणी अनोळखी माणूस त्याला गुरू वाटतो. रिझर्व्ह बँकेने अशा अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी सप्टेंबर २०२२ पासून प्रसिद्ध केली आहे. ती पाहावी, आणि यादीत नाव नाही म्हणजे मंच अधिकृत आहे असेही मानू नये. पैसे आधीच भरले असतील आणि ते काढून देण्यासाठी आणखी कर किंवा शुल्क मागितले जात असेल तर एक रुपयाही भरू नये. त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवून आपल्या बँकेला लेखी कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तरच ती गोठवता येण्याची शक्यता असते.