दुष्काळानंतर तळ्यात मत्स्यबीज सोडताना पहिल्या पाण्याला भुलू नका

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात आटलेलं तळं पुन्हा भरलं की मासेमारीच्या ठेकेदाराच्या मागे घाई लागते. ठेक्याची रक्कम भरलेली असते, एक हंगाम कोरडा गेलेला असतो आणि पारावरचा जो तो सांगत असतो, "पाणी आलंय, टाका की आता बीज." नका टाकू. निदान लगेच तरी नका टाकू. कटला, रोहू, मृगळ हे कार्प मासे ओळखता येतात आणि जिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं), बीज (इंचभराची), बोटुकली (बोटाएवढी) यांतला फरक ठाऊक आहे, असं धरून पुढचं लिहितो.

कोरडं पडलेलं तळं रिकामं नसतं. पाणी हटलं की बुडीत जमिनीत गाळपेर होते, ज्वारी-मक्याची धसकटं तशीच राहतात, वेडी बाभूळ आणि बेशरम माजते, मेंढरांचे कळप बसतात. हे सगळं पहिल्या पाण्याखाली जातं आणि काही दिवसांत कुजायला लागतं. कुजताना ते पाण्यातला प्राणवायू ओढतं. दिवसा उन्हात हिरवं शेवाळ प्राणवायू तयार करतं, म्हणून दुपारी सगळं ठीक दिसतं. रात्री तेच शेवाळही प्राणवायू वापरतं आणि सूर्योदयाआधी पाणी सर्वांत कमकुवत असतं. दुपारी बाराला तपासणी किटवर लिटरला ६ मिलिग्रॅम दाखवणारं पाणी पहाटे पाचला २ वर आलेलं असू शकतं. कार्प माशांना ५ च्या वर बरं चालतं, ३ च्या खाली त्यांचे हाल सुरू होतात. त्यात पहिल्या लोंढ्याची माती कल्ल्यांत बसते.

फसगत होते ती पुढे. मेलेली बोटुकली लगेच तरंगत नाही, आधी बुडते. दोन-तीन इंचांचा जीव. खेकडे खातात, वर आलीच तर बगळे आणि पाणकावळे उचलतात. काठावर मेलेल्या माशांचा खच दिसत नाही, वास सुटत नाही. सगळं सुखरूप आहे असं समजून माणूस जानेवारीपर्यंत राखण करतो आणि जाळं ओढल्यावर हाती चिलापी नि चार मरळ लागतात. मग बीजवाला चोर ठरतो, नाहीतर रात्री जाळं टाकणारी पोरं. खरं नुकसान पहिल्या आठवड्यातच झालेलं असतं.

म्हणून मोठा लोंढा येऊन गेल्यावर किमान तीन आठवडे थांबा. पाणी चहासारखं तांबूस-काळं आहे, काठाला बुडबुडे येतायत, काठी खुपसली की कुजका वास येतो, तोवर बीज आणायचंच नाही. वीस सेंटिमीटर व्यासाची पांढरी थाळी दोरीने सोडून बघा. २५ ते ४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली आणि पाण्याला फिकट हिरवी झाक असली, तर खाद्य तयार होतंय. मातकट पाण्यातही थाळी लवकर दिसेनाशी होते, म्हणून आकड्याबरोबर रंगही बघायचा.

तेवढ्यावरही विसंबू नका. मीटरभर लांब-रुंद हापा, म्हणजे बारीक जाळीचा पिंजरा, तळ्यात बांधा, ज्या लॉटमधून बीज घेणार आहात त्यातल्या ५० बोटुकल्या त्यात सोडा आणि सलग दोन पहाटे जाऊन मोजा. ४५ च्या वर जिवंत आणि खाली पोहत असतील तर पुढे जा. पृष्ठभागावर येऊन तोंड वासत असतील तर आणखी आठवडा जाऊ द्या. हापा आणि दोन दिवसांची पायपीट, एवढाच खर्च आहे. तरी दहांतले नऊ जण ही पायरी गाळतात.

इथे खरी अडचण येते. उबवणी केंद्रांतलं बीज जुलै-ऑगस्टमध्ये भरपूर मिळतं आणि आपल्या दुष्काळी तालुक्यांतली तळी बहुतेकदा सप्टेंबरात, परतीच्या पावसावर भरतात. तीन आठवडे थांबलात तर ऑक्टोबर उजाडतो, चांगलं बीज संपलेलं असतं, उरलेलं महाग पडतं. घाबरू नका, यावरचा उपाय आपल्या भागात हाताशीच आहे. डाळिंब-द्राक्षांसाठी खोदलेली शेततळी गावोगाव आहेत. एखादं अडीच-तीन महिन्यांसाठी भाड्याने घ्या आणि बीज त्यात वाढवा.

हिशेब असा. तळ्यात १०,००० बोटुकल्या हव्या असतील तर इंचभराचं १७,००० बीज आणायचं. नीट सांभाळलं तर ६०-६५ टक्के जगतं. त्याला २५ बाय २५ मीटरचं, साधारण सहा गुंठ्यांचं पाणी पुरतं. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समभाग, रात्री भिजवून सकाळी द्यायचा. सुरुवातीला रोज ४०० ग्रॅम, मग वाढ बघून दर पंधरवड्याला साधारण दुप्पट. पण आदल्या दिवशीचं खाद्य शिल्लक दिसलं तर त्या दिवशी बंद. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात माती नसते, त्यामुळे नैसर्गिक खाद्य उशिरा तयार होतं. आधी आठवडाभर शेणाची थोडी स्लरी सोडा. वरून पक्ष्यांसाठी जाळी हवीच, खंड्या एकटा किती उचलतो ते बघितल्याशिवाय पटत नाही. आणि काठावरून दोर किंवा शिडी सोडलेली असू द्या. ओल्या प्लास्टिकवरून घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही.

ऑक्टोबरात चार इंचांची बोटुकली तळ्यात गेली की जगण्याची खात्री कितीतरी वाढते. "जिरेच लाखभर टाका, स्वस्तात पडतं" असं सांगणारे भेटतील. जिरे म्हणजे चिलापीची न्याहारी.

शत्रू मासे काढायची संधी तळं भरण्याआधीच असते. आटलेल्या तळ्याच्या डबक्यात मरळ, मागूर, चिलापी दाटीने जगतात. मरळ आणि मागूर तर हवेतून श्वास घेतात, चिखलातही तग धरतात. पुस्तकात हे मासे मारायला मोहाची पेंड टाकायला सांगितलेली असते, घनमीटरला २५० ग्रॅम. २० बाय १५ मीटरचं, सरासरी अर्धा मीटर खोल डबकं म्हणजे १५० घनमीटर पाणी, त्याला साडेसदतीस किलो. हिशेब बरोबर आहे, पण दुष्काळात गुरं-मेंढरं त्याच डबक्यावर पाणी पितात. तिथे पेंड किंवा ब्लीचिंग पावडर टाकायचा विचारही करू नका, आणि पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात तर नाहीच. बारीक जाळं पुन्हा पुन्हा ओढा. ते पाणी कोणाच्याच गरजेचं उरलं नसेल तरच पंप लावून डबकं उपसा. मरळीला भाव असतो, मजुरी सुटते.

टेंभू किंवा म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी ज्या तळ्यात सोडतात, तिथे कालव्याबरोबर चिलापीची पिल्लं येतात. पाणी सुटण्याआधी तोंडाशी बारीक जाळी बांधा आणि ती रोज साफ करा. गाळ काढणं चालू असेल तर जेसीबीवाल्याला सांगून तळ सपाट ठेवून घ्या आणि बाभळीचे बुंधे उपटून घ्या. खोल खड्ड्यांत जाळं पोचत नाही, बुंध्यांना अडकून फाटतं.

सांडव्याला मात्र बारीक जाळी आडवी बांधू नका. तिच्यात काडीकचरा अडकतो, पाणी तुंबतं आणि भराव्यावर ताण येतो. सांडवा वाहायचा थांबल्यावर बीज सोडलं की हा प्रश्नच उरत नाही.

किती सोडायचं? भरलेल्या तळ्याच्या क्षेत्रावर हिशेब करू नका. भरल्यावर १० हेक्टर दिसणारा पाझर तलाव फेब्रुवारीत चार हेक्टरवर येतो. पाच हेक्टर धरा. वरून खाद्य देणार नसाल तर हेक्टरी २,००० पुरे, म्हणजे १०,०००: कटला ४,०००, रोहू ३,०००, मृगळ ३,०००. गळवाल्यांना पास देणार असाल तर कटला कमी करा. तो वरच्या थरातलं तरंगतं खाद्य खातो, तळाच्या कणकेच्या गोळीला सहसा येत नाही. रोहू, मृगळ वाढवा, थोडा सायप्रिनस (कॉमन कार्प) घ्या. सायप्रिनस गळाला पटकन लागतो, पण तळ उकरून पाणी गढूळ करतो. उथळ, गाळाच्या तळ्यात शेकडा दहाच्या वर नको. आणि फुकट मिळालं तरी आफ्रिकन मागूर नको, त्याच्यावर देशात बंदी आहे.

बीज घेताना मूठभर पिल्लं घमेल्यात घ्या आणि हाताने पाणी गोल फिरवा. सशक्त पिल्लू प्रवाहाविरुद्ध पोहतं, मरतुकडं मध्ये गोळा होतं. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. मृगळाच्या शेपटीच्या मुळाशी काळसर चौकोनी ठिपका. पिशवीत भरण्याआधी पिल्लं २४ तास उपाशी ठेवलीत का, हे विचाराच. भरल्या पोटाची पिल्लं वाटेत पाणी घाण करतात. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. गाडी रात्री काढा, पिशव्यांवर ओलं गोणपाट टाका.

तळ्यावर पिशव्या बंदच १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग तोंड सोडून दर दोन मिनिटांनी ओंजळभर तळ्याचं पाणी आत घाला, दहा-पंधरा मिनिटं. शेवटी पिशवी आडवी करा, पिल्लांना आपणहून बाहेर जाऊ द्या. पुढाऱ्यांच्या हस्ते बीज सोडायचा कार्यक्रम ठेवलात तर पाहुणे साडेअकराला येतात आणि तोवर पिशव्या उन्हात तापतात. हौस असेल तर दोन पिशव्या कार्यक्रमाला ठेवा, बाकीचं सूर्योदयालाच सोडून मोकळे व्हा.

सल्ल्याला माणूस शोधायचा असेल तर तक्ते घेऊन फिरणाऱ्यापेक्षा त्याच तळ्यावर वीस वर्षं जाळं ओढलेला भोई गाठा. पाणी पहाटे कुठल्या कोपऱ्यात नासतं, हे तो तुम्हाला चालत नेऊन दाखवेल.

महिन्याने एकदा जाळं टाकून वीस-पंचवीस मासे तोला. वाढ कमी दिसली तर बीज वाढवू नका, थोडं खाद्य द्या. जानेवारीअखेर पाणी उतरायला लागलं की मोठे मासे काढायला घ्या. मार्चपर्यंत "अजून पाव किलो वाढू दे" म्हणत थांबलात तर कमी, तापलेल्या पाण्यात एका रात्रीत सगळं हातचं जाऊ शकतं.