आज निघायचं नाही : मिशिगन सरोवरातल्या बोटप्रवासाबद्दल, नवख्या जोडप्यांसाठी

शिकागोच्या मराठी मंडळींत आमच्या बोटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : "बोट कोण चालवतं?" बंदरात शिरताना आणि धक्क्याला लावताना सुकाणू माझ्याकडे असतं, दोर नवऱ्याकडे. लोकांना हे उलटं वाटतं. पण सुकाणूला ताकद लागत नाही, धीर लागतो. ओल्या डेकवरून दोर घेऊन उतरायचं आणि वाऱ्याने बाजूला सरकणारी आठ-नऊ टनांची बोट धक्क्यावरच्या क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीला, अडकवायची, तर लांब हातपाय हवेत आणि खांदेही. बहुतेक जोडप्यांत वाटणी याच्या नेमकी उलट असते. नवरा चाकामागे उभा राहून ओरडतो, बायको दोर घेऊन घाबरते आणि अख्खं बंदर खुर्च्या टाकून बघत बसतं. तेव्हा बोट बघायला जाण्याआधी हे ठरवा. दोघांनाही दोन्ही कामं यायला हवीतच, पण रोजची वाटणी अंगकाठी बघून करा.

आता सरोवराबद्दल. मिशिगन सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे ३०७ मैल लांब आहे, रुंदी जास्तीत जास्त ११८ मैल आणि खोली ९२३ फुटांपर्यंत. मध्यावर गेलात की कुठलाच किनारा दिसत नाही. पाच महासरोवरांपैकी पूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत असलेलं हे एकटंच. भारतीय पासपोर्टवाल्यांना याचा फायदा मोठा आहे. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात सरकून कॅनडाच्या बाजूला गेलात तर ग्रीन कार्ड नसल्यास कॅनडाचा व्हिसा लागतो आणि परत येताना अमेरिकी सीमा अधिकाऱ्यांना कळवावं लागतं. इथे महिनाभर फिरा, पासपोर्ट बाहेर काढायचीही वेळ येत नाही.

कोकणात वाढलेल्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मात्र डोक्यातून काढून टाकावं. इथे भरती अशी जाणवतच नाही. त्याऐवजी आहे सेश : वादळाचा वारा आणि हवेचा बदललेला दाब सगळं पाणी एका बाजूला ढकलतात आणि ते परातीतल्या पाण्यासारखं हेलकावून परत येतं. २६ जून १९५४ रोजी शिकागोच्या माँट्रोज बंदरापाशी मासे धरत बसलेली माणसं अशाच पाण्याने ओढून नेली, आठ जण गेले. रोज घडणारी गोष्ट नाही, पण वादळ सरकून गेलं म्हणून लगेच दोर सोडू नयेत, ते यासाठी.

खरा त्रास लाटांचा. समुद्रावरची चार फुटांची लाट लांबून येते, बोट तिच्यावर चढते आणि उतरते. सरोवरात वाऱ्याला धावायला जागा कमी, त्यामुळे तेवढ्याच उंचीच्या लाटा आखूड आणि उभ्या होतात, तीन-चार सेकंदांना एक. बोटीला सावरायला वेळच मिळत नाही. कपाटातली भांडी, पोटातले पोहे, सगळं जागा सोडतं. हवामान खात्याचा अंदाज ऐकताना आणखी एक लक्षात ठेवा : त्यातली उंची म्हणजे सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. 'दोन ते चार फूट' म्हटलं असेल तर मधूनच सहा-सात फुटांचीही एखादी येते. वारा २२ नॉटच्या (ताशी सुमारे २५ मैलांच्या) वर किंवा लाटा चार फुटांच्या वर जायची चिन्हं असली की लहान बोटींसाठी इशारा निघतो. नवख्यांनी इशाऱ्याची वाट बघू नये. आमची मर्यादा दोन फूट आहे, आणि इतक्या उन्हाळ्यांनंतरही ती वाढवावी असं वाटलेलं नाही.

यावरून आमच्या घरातला एकमेव कायदा : दोघांपैकी एकाने "आज नको" म्हटलं की निघायचं नाही. कारण विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, संध्याकाळी "बघ, उगाच थांबलो, काही झालं नाही" असंही म्हणायचं नाही. वाचायला सोपं वाटतं. पण पुढच्या गावातली स्लिप, म्हणजे बोट लावायची जागा, आरक्षित असते, पैसे भरलेले असतात, सोमवारी ऑफिसची मीटिंग असते, आणि शेजारची बोट दोर सोडून निघालेली दिसते. लोक बिघडलेल्या इंजिनापेक्षा या वेळापत्रकापायी जास्त संकटात सापडतात, असं माझं मत आहे. म्हणून सुट्टी मोजताना प्रवासाइतकेच दिवस बसून राहण्यासाठी धरा. बसून राहायला ही गावं वाईट नाहीत.

कायद्याने काय लागतं? धक्का बसेल इतकं कमी. इलिनॉयमध्ये १ जानेवारी १९९८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोट चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं, मिशिगनमध्ये ३० जून १९९६ नंतर जन्मलेल्यांना, विस्कॉन्सिनमध्ये १९८९पासून पुढच्यांना. आमच्या वयाच्या माणसाने काल बोट विकत घेतली आणि आज सरोवरात नेली, तरी कोणी अडवणार नाही. म्हणूनच स्वतःहून शिका. कोस्ट गार्ड ऑक्झिलरी (अमेरिकी तटरक्षक दलाची स्वयंसेवक शाखा) आणि अमेरिकाज बोटिंग क्लब यांचे वर्ग स्वस्त आणि चांगले असतात. ऑक्झिलरीची माणसं बोटीवर येऊन लाइफ जॅकेट, अग्निशामक, फ्लेअर (संकटात पेटवायचे प्रकाशबाण) सगळं फुकट तपासून देतात, आणि काही कमी निघालं तरी दंड नसतो. त्यानंतर एखाद्या परवानाधारक कॅप्टनला दोन दिवस भाड्याने बोटीवर घ्या आणि त्याच्याकडून फक्त धक्क्याला लावणं शिका. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला शिकवू नये. गाडी शिकताना जे झालं तेच होतं.

बोटीच्या कागदपत्रांत एक मेख आहे. कोस्ट गार्डकडची फेडरल नोंदणी फक्त अमेरिकी नागरिकाच्या बोटीला मिळते. एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर राज्याची नोंदणी करायची, ती पुरते. पण मोठ्या कर्जासाठी काही बँका फेडरल नोंदणीचाच आग्रह धरतात, तेव्हा बयाणा देण्याआधी विचारून घ्या.

आमची बोट ३४ फुटी जुनी ट्रॉलर आहे, म्हणजे मासेमारीची नव्हे, आत राहता येईल अशी संथ बोट. एक डिझेल इंजिन, ताशी सात-आठ मैल, गॅलनला साधारण दोन मैल. वेगवान क्रूझर तेच अंतर निम्म्याहून कमी वेळात कापते, पण गॅलनला मैलभरही देत नाही. वेगाचा खरा फायदा आहे, हे मान्य : वाऱ्याच्या दोन झुळकांमधल्या शांत तीन तासांत ती पुढच्या बंदरात पोचलेली असते. आम्हाला त्यासाठी पहाटे पाचला उठावं लागतं. उन्हाळ्यात जमीन तापली की दुपारी सरोवरावरून वारा सुटतो, म्हणून पहाटे निघून अकराच्या आत धक्क्याला लागायचं. इंधनाचा हिशोब तिसऱ्या हिश्शाचा : एक जायला, एक यायला, एक हात न लावायला.

पहिल्या खेपेला शिकागोहून थेट पलीकडच्या किनाऱ्यावरचं सेंट जोसेफ गाठू नका. ते साठेक मैल उघड्या पाण्याचं अंतर आहे. दक्षिणेचा किनारा धरून हॅमंड, मिशिगन सिटी, न्यू बफेलो असं जा. गॅरीच्या पोलाद कारखान्यांचा देखावा सुंदर नाही, पण बंदर जवळ असतं. पुढे मिशिगन राज्याची कृपा. १९४७ साली तिथे जलमार्ग आयोग स्थापन झाला आणि किनाऱ्याने मोजलं तर कुठल्याही नाविकाला आसरा पंधरा मैलांहून दूर असू नये, या हिशोबाने बंदरांची माळ उभी राहिली. साउथ हेवन, सॉगटक, हॉलंड, ग्रँड हेवन, मस्कीगन, पेंटवॉटर, लडिंग्टन, मॅनिस्टी. नवख्यांसाठी याहून चांगला किनारा मला माहीत नाही. घड्याळ तेवढं एक तास पुढे करा. शिकागोच्या वेळेने स्लिप आरक्षित केली असं समजून गेलात, तर बंदराचं ऑफिस बंद झालेलं असतं.

यातली बहुतेक बंदरं एकाच घडणीची आहेत. नदी सरोवराला मिळते तिथे वाळूच्या टेकड्यांआड तिचंच एक छोटं तळं झालेलं असतं, आणि तळं व सरोवर यांना जोडणारा कालवा दोन समांतर काँक्रीटच्या बांधांमधून बाहेर येतो. बांधाच्या टोकाला दीपगृह. आत शिरलात की पाणी काचेसारखं. गंमत आहे ती तोंडाशी. वारा पश्चिमेचा किंवा नैऋत्येचा, म्हणजे लाटा तुमच्या पाठीमागून. त्या बांधांवर आपटून परत येतात आणि समोरून नदीचं पाणी त्यांना भिडतं. बोटीची मागची बाजू उचलली जाते, सुकाणू क्षणभर हलकं होतं आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, एका बांधाकडे वळायला बघते. अशा वेळी वेग कमी करायचा मोह होतो. करू नये, पाण्याचा झोत सुकाणूवर राहील इतका थ्रॉटल (इंजिनाचा जोर) ठेवावा. चाक थोडं-थोडं आणि आधीच फिरवावं, आणि नजर बांधांच्या मधोमध लांबवर. लाल खुणा उजव्या हाताला. फेंडर (बोट धक्क्याला घासू नये म्हणून लटकवायच्या गाद्या) आणि दोर बाहेरच बांधून तयार ठेवलेले असावेत, कारण आत गेल्यावर कोणाचेच हात स्थिर नसतात. बंदराला हाक बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल ९ वर मारा. मिशिगनची सरकारी बंदरं तिथेच ऐकतात. १६ संकटासाठी मोकळा.

धक्क्याला लावताना आमचा भरवसा एकाच दोरावर. बोटीच्या मध्यावरच्या क्लीटला बांधलेला दोर नवरा धक्क्यावरच्या, थोड्या मागच्या क्लीटला टाकतो. मी गिअर पुढे टाकते, थ्रॉटल न वाढवता, आणि चाक धक्क्याच्या उलट दिशेला पूर्ण फिरवते. दोर ताणला जातो, बोट पुढे जाऊ शकत नाही आणि आपोआप धक्क्याला चिकटून उभी राहते. मग बाकीचे दोर चहा पीत बांधले तरी चालतात. हे सगळं होताना आम्ही डोक्याला लावलेल्या हेडफोनवर हळू आवाजात बोलतो. शेजारच्या बोटवाल्यांनी या वस्तूला एक नाव ठेवलंय, 'लग्न वाचवणारं यंत्र'.

गावांपैकी सॉगटकला दोन दिवस द्या. कॅलमझू नदीवर १८३८पासून चालत आलेली, हाताने साखळी ओढून नेली जाणारी नाव अजून आहे. ती पार जाईपर्यंत थांबायचं. नदीच्या मुखापाशी सिंगापूर नावाचं गाव होतं. १८७१च्या आगीनंतर शिकागो पुन्हा उभं करायला इथलं लाकूड गेलं, झाडं संपली, मोकळी सुटलेली वाळू गावावर चढली, आणि आता तिथे फक्त टेकड्या आहेत. लडिंग्टनला कोळशावर चालणारं 'बॅजर' हे १९५२ साली पाण्यात उतरलेलं ४१० फुटी जहाज संध्याकाळी परत येतं. ते बंदरात नांगर टाकून स्वतःभोवती वळतं आणि मागे-मागे येत धक्क्याला लागतं. बघण्यासारखं आहे, पण धक्क्यावर उभं राहून. त्याच वेळी आपली बोट कालव्यात असू नये.

फ्रँकफर्टच्या पुढे शाळा संपते. पॉइंट बेट्सीचं १८५८चं दीपगृह ओलांडलं की लीलंडपर्यंत पस्तीसेक मैल मुख्य किनाऱ्यावर आसरा नाही. अडीनडीला साउथ मॅनिटू बेटाचा उपसागर, तिथे नांगर टाकता यायला हवा. त्याच बेटाच्या टोकाला १९६० साली रुतलेल्या 'फ्रान्सिस्को मोराझान' जहाजाचा सांगाडा पाण्याबाहेर दिसतो, पहिल्या वर्षी निघालेल्यांना तो पुरेसा बोलका वाटावा. उजवीकडे स्लीपिंग बेअरचे वाळूचे उंच कडे, आणि मालवाहू जहाजंही याच वाटेने जातात. धुकं असेल तर विषयच नाही. जूनमध्ये पाणी गार आणि हवा गरम, म्हणजे धुकं हमखास. दुसऱ्या उन्हाळ्यासाठी ठेवा हा टप्पा.

लीलंडच्या जुन्या कोळीवाड्यात धुरावलेला व्हाइटफिश मिळतो. ताजा मिळाला तर आम्ही हळद-तिखट-चिंच लावून रव्यात घोळवतो आणि तव्यावर टाकतो, तेही बंदरातच. चालत्या बोटीत गॅस पेटवायचा नाही. कुकर लहान घ्या, झाकण लागणारी भांडी घ्या. मिशिगनच्या हद्दीत संडासाचं पाणी सरोवरात सोडायला मनाई आहे, त्यामुळे टाकी कुठे उपसून घेता येते ते बंदर निवडतानाच बघा. घोट्यांना चावणाऱ्या माश्यांसाठी लांब मोजे.

आणखी उत्तरेला, शार्लवॉयच्या कालव्यावरचा पूल हंगामात तासाला आणि अर्ध्या तासाला उघडतो, तोपर्यंत अरुंद जागेत घिरट्या घालता यायला हव्यात. मॅकिनॉ बेटावर १८९८पासून मोटारींना बंदी आहे, घोड्यांचा वास धक्क्यापर्यंत येतो. जुलैत शिकागोहून ३३३ मैलांची शिडाच्या बोटींची शर्यत तिथे संपते, त्या आठवड्यात जागा मिळणार नाही.

परतताना आम्ही विस्कॉन्सिनचा किनारा धरतो. पश्चिमेचा वारा तिथे जमिनीवरून येतो, म्हणून किनाऱ्यालगतचं पाणी बरंच शांत असतं. स्टर्जन बे, मॅनिटोवॉक, शेबॉयगन, मिलवॉकी, मग घर. शिकागोची बंदरं ऑक्टोबरअखेर बंद होतात. त्याआधी बोट बाहेर काढून इंजिन आणि पाण्याच्या सगळ्या नळ्यांत गुलाबी अँटीफ्रीझ भरावं लागतं, नाहीतर जानेवारीत त्या फुटतात. हा खर्च आणि हिवाळ्यातल्या जागेचं भाडं बोटीच्या किमतीत आधीच धरा. विकणारा ते सांगत नाही.