‘लाइन बंद आहे’ : वीज वितरणात सुरक्षेचे प्रशिक्षण कसे द्यावे

वीज वितरणात सुरक्षा प्रशिक्षक म्हणून नव्याने रुजू झालेल्या व्यक्तीने पहिला महिना वर्ग घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो महिना त्याने एखाद्या ग्रामीण शाखा कार्यालयात काढावा आणि सकाळी तक्रारींची यादी खिशात घालून निघणाऱ्या तंत्रज्ञाच्या मोटारसायकलवर मागे बसून फिरावे. डिस्चार्ज रॉड, म्हणजे बंद लाइन जमिनीशी जोडण्याचा दांडा, गाडीला बांधला जातो की कार्यालयाच्या कोपऱ्यात उभा राहतो, परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करण्याची परवानगी, कागदावर लिहिले जाते की मोबाइलवर तोंडीच उरकले जाते, एका डीपीवर (रोहित्र बसवलेल्या जोडखांबावर) किती माणसे असतात आणि त्यांतले कायमस्वरूपी किती व बाह्यस्रोत किती, हे पाहिल्याशिवाय काय शिकवायचे हे ठरवता येत नाही.

या कामासाठी विद्युत अभियांत्रिकीची पदविका किंवा पदवी आणि प्रत्यक्ष लाइनवरचा काही वर्षांचा अनुभव असावा. औद्योगिक सुरक्षेची प्रगत पदविका जोडीला असल्यास उत्तम; मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत या विषयाचे शिक्षण मिळते. कायद्याचे वाचनही हवे. विद्युत अधिनियम, २००३ चे कलम ५३ सुरक्षेविषयी आणि कलम १६१ अपघाताची सूचना व चौकशी यांविषयी आहे, तर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांत देखभाल-दुरुस्ती करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या तरतुदी आहेत. वर्गात मात्र कलमांवर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये, कारण कलम ठाऊक नसल्यामुळे खांबावर कोणी दगावत नाही.

माणसे दगावतात ती ‘लाइन बंद आहे’ या वाक्यावर विश्वास ठेवल्यामुळे. म्हणून अभ्यासक्रमाचा निम्मा भाग तरी या एका वाक्याची तपासणी कशी करायची यासाठी राखून ठेवावा.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हे वाक्य खोटे ठरण्याच्या वाटा अनेक आहेत आणि प्रत्येक वाट स्थानिक उदाहरणासह समजावून द्यावी लागते. गावठाणाचा आणि शेतीपंपांचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी लाइन, वेगळा केलेल्या ठिकाणी एकाच खांबावरून दोन फीडर जाऊ शकतात. अशा वेळी उपकेंद्रातील यंत्रचालकाने ‘फीडर बंद केला’ असे सांगितले ते खरेच असते, पण तो फीडर दुसराच असतो. शेतीचा पुरवठा पाळीने होतो, त्यामुळे लाइन वेळापत्रकानुसार बंद असली की ‘आत्ता कुठे येतेय’ म्हणून परमिट न घेता वर चढण्याचा मोह होतो, आणि यंत्रचालक मात्र वर कोणी आहे याची कल्पना नसल्याने ठरल्या वेळी लाइन चार्ज करतो, म्हणजे तिच्यात वीज सोडतो. लघुदाबाच्या बाजूने एखाद्या मंगल कार्यालयाचा जनरेटर किंवा दुकानाचा चुकीच्या पद्धतीने जोडलेला इन्व्हर्टर वीज उलटी ढकलतो आणि तीच वीज रोहित्रातून उलट दिशेने वर चढून उच्चदाबाच्या तारेत ११ हजार व्होल्ट उभे करू शकते. एबी स्विचचे, म्हणजे खांबावरून तिन्ही तारांचा पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे, हँडल खाली ओढले तरी तिघांपैकी एक ब्लेड चिकटून राहिले, तर खालून पाहणाऱ्याला सगळे सुटल्यासारखेच दिसते. शेजारून चालू लाइन समांतर जात असेल, तर बंद केलेल्या लाइनमध्येही प्रवर्तनाने (इंडक्शनने) विद्युतदाब येतो.

ही प्रकरणे सांगून झाल्यावरच सुरक्षित कामाच्या पाच पायऱ्यांकडे वळावे, म्हणजे प्रत्येक पायरी कशासाठी आहे हे आपोआप कळते. सर्व बाजूंनी पुरवठा तोडणे, तो पुन्हा जोडला जाणार नाही यासाठी कुलूप व सूचनाफलक लावणे, विद्युतदाब नसल्याची चाचणी करणे, लाइन अर्थ करून (जमिनीशी जोडून) तिन्ही फेज एकमेकांशी जोडणे आणि जवळच्या चालू भागांना आडोसा करणे, हा क्रम आहे व तो बदलता येत नाही. पहिल्या दोन पायऱ्या बहुतेकांना येतात. घोटाळा होतो तो तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर, कारण त्या करायला दहा मिनिटे लागतात आणि खाली उभा असलेला ग्राहक ‘अजून किती वेळ?’ असे विचारत असतो.

चाचणी शिकवताना टेस्टरवरही विश्वास ठेवू नये, हे सांगावे. तो आधी चालू असल्याची खात्री असलेल्या लाइनवर लावून पाहायचा, मग कामाच्या लाइनवर, आणि नंतर पुन्हा चालू लाइनवर. तिसऱ्यांदा लावायला बहुतेक जण कंटाळतात, परंतु मधल्या वेळेत टेस्टर निकामी झाला असेल तर ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही. टेस्टर त्या विद्युतदाबासाठीच बनवलेला असावा, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगावे.

अर्थिंगचा धडा फळ्यावर होत नाही. माझ्या उमेदवारीच्या काळात मी एका वितरण कंपनीच्या तंत्रज्ञांसमोर सव्वाशे स्लाइड दाखवल्या होत्या. दुपारी पंखे संथ फिरत होते आणि मागच्या दोन रांगा झोपल्या होत्या. चार वाजता प्रांगणातल्या सरावाच्या खांबाखाली सगळ्यांना नेले आणि वीस वर्षे नोकरी झालेल्या एका तंत्रज्ञाला डिस्चार्ज रॉड लावून दाखवायची विनंती केली. त्यांनी सफाईने रॉडचा आकडा तारेत अडकवला आणि मग हातात लोंबणारा वायरीचा मोकळा क्लॅम्प घेऊन अर्थचा बिंदू शोधू लागले. लाइन खरोखर चालू असती, तर तो क्लॅम्प धरलेला हातच अर्थ झाला असता. कोणी हसले नाही, कारण त्या क्षणी आपणही असेच करतो हे प्रत्येकाला जाणवले होते. त्या दिवसापासून मी स्लाइड वीसच्या आत आणल्या आणि सकाळचा वेळ प्रांगणाला दिला.

नियम साधा आहे : लावताना आधी अर्थची बाजू आणि मग तार, काढताना आधी तार आणि शेवटी अर्थ. कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग असावे आणि तिन्ही फेज एकत्र जोडलेले असावेत. यामागचे कारणही सांगावे, कारण कारण समजले की माणूस क्रम विसरत नाही. चुकून लाइन चार्ज झालीच, तर मोठा प्रवाह अर्थिंगमधून जातो, उपकेंद्रातील ब्रेकर ट्रिप होतो आणि तोवरही काम करणाऱ्याच्या आसपासचा विद्युतदाब फारसा वाढत नाही. सराव प्रत्येकाकडून किमान तीनदा करून घ्यावा, त्यातला एकदा रात्री, हेडलॅम्प लावून, कारण पावसाळ्यातले बरेचसे ब्रेकडाऊन रात्रीचेच असतात.

हातमोज्यांविषयी एक गैरसमज हमखास आढळतो. रबरी मोजा घातला की चालू लाइनला हात लावता येतो, असे अनेकांना वाटते. मोज्यावर त्याचा वर्ग छापलेला असतो; वर्ग ० चा मोजा १,००० व्होल्टपर्यंतच्या वापरासाठी असतो आणि ११ हजार व्होल्टच्या लाइनपुढे तो घातला न घातला सारखाच. वापरण्यापूर्वी मोज्याचे तोंड गुंडाळत न्यावे, आत कोंडलेल्या हवेने बोटे फुगली की मोजा गालाजवळ आणून हवा सुटते का ते पाहावे. यात अर्धा मिनिट जातो. बरेच मोजे या चाचणीत नापास होतात, म्हणून प्रशिक्षणाला प्रत्येकाने आपले स्वतःचे मोजे आणावेत, अशी अट घालावी; संस्थेच्या कोऱ्या मोज्यांवर सराव केल्याने कोणाचेच भले होत नाही.

‘आम्हाला झटके रोजचेच’ असे म्हणणारा एखादा जुनाजाणता तंत्रज्ञ प्रत्येक तुकडीत असतो. त्याच्याशी वाद घालू नये. फळ्यावर गणित मांडावे : २३० व्होल्ट, शरीराचा रोध साधारण १,००० ओहम, म्हणजे प्रवाह २३० मिलिअँपिअर, आणि घरात माणसाचा जीव वाचवण्यासाठी बसवलेले आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पुरवठा तोडते. मग त्याला विचारावे की आजवर बसलेल्या झटक्यांच्या वेळी हात कोरडे होते का, पायात काय होते आणि प्रवाह कुठून कुठे गेला असेल. उत्तरे तोच देतो आणि सहसा पुढच्या सत्रात तोच इतरांना समजावत असतो.

प्रथमोपचारात एकच गोष्ट पक्की करून घ्यावी, ती म्हणजे हृदय-श्वसन पुनरुज्जीवन. आधी पुरवठा तोडणे, मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, आणि प्रशिक्षित असल्यास ३० दाबांनंतर २ श्वास. पुतळ्यावर सलग दोन मिनिटे दाब देताना धडधाकट माणसाचीही दमछाक होते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा हे तेव्हाच शिकवून टाकावे. खांबावर सेफ्टी बेल्टला लटकलेल्या सहकाऱ्याला खाली उतरवण्याचा सराव यापेक्षा अवघड असतो आणि बहुतेक ठिकाणी तो वगळला जातो. तो वगळू नये.

प्रशिक्षण संपताना लेखी परीक्षा घेण्याची पद्धत आहे. ती जरूर घ्यावी, पण प्रमाणपत्र प्रांगणातल्या कामगिरीवर द्यावे. त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, पूर्वसूचना न देता, त्या शाखेतल्या एखाद्या कामावर जावे आणि अधिकारी म्हणून नव्हे तर शिडी धरायला आलेला माणूस म्हणून उभे राहावे. परमिटचा कागद पाहावा, त्यावर फीडरचे नाव आणि खांबाचा क्रमांक दोन्ही आहेत का ते वाचावे, अर्थिंग किती ठिकाणी केले आहे ते मोजावे. एखादी पायरी गाळलेली दिसली, तर खांबावर असलेल्या माणसाला तिथे रागावू नये. त्याला खाली बोलवावे, चहा मागवावा आणि कशामुळे गाळली ते विचारावे. रॉड एकच आहे आणि तो दुसऱ्या गावाला गेला आहे, असे उत्तर मिळाले, तर पुढचे प्रशिक्षण त्या तंत्रज्ञाचे नसून रॉड मंजूर करणाऱ्या अभियंत्याचे असते, आणि त्याची नोंद त्याच दिवशी लेखी करून पाठवावी.